स्टेशनपासून सात मिनिटे

पांढरपेशा माणसाने जागा घ्यायचे ठरवले की त्याच्या तोंडी पहिला प्रश्न कोणता येतो? हवा कशी, पाणी किती वेळ येते, शेजार कसा आहे, हे सारे मागाहून. पहिला प्रश्न एकच : "स्टेशन किती लांब?" गेल्या पाडव्याला आम्हीही हाच प्रश्न घेऊन नवी मुंबईत हिंडत होतो. "चालत सात मिनिटे!" दलालाने छातीठोकपणे सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी मनगटावरच्या घड्याळात पाहून ती सात मिनिटे मोजली. अकरा भरली!

वाटेत एका पिंपळाच्या पारावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना विचारले, "काका, इथून स्टेशन किती मिनिटांवर हो?" ते हसले आणि म्हणाले, "मिनिटं कोण मोजतो, साहेब? स्टेशन आहे तिथं आमची भाताची खाचरं होती, एवढं मला माहीत."

घरी आल्यावर जागेच्या हिशेबाचा कागद पुढे घेतला, पण ती खाचरे काही डोक्यातून जाईनात. शेताचे स्टेशन आणि स्टेशनाजवळची जागा होते तरी कशी?

हिरव्याचा पिवळा

नगररचनेच्या नकाशावर शेती हिरव्या रंगाने दाखवतात आणि राहण्याचा विभाग पिवळ्या. हिरव्याचा पिवळा झाला की जमीन तीच, माती तीच, पण भाव निराळा! १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये असा बदल करण्यापूर्वी तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नियम चांगलाच आहे. पण आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या किती शेतकऱ्यांच्या हाती राजपत्र पडत असेल?

त्यात शेजारी रेल्वे यायची असेल तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणाप्रमाणे स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरांच्या टापूत दाट वस्ती करावी, म्हणजे माणसे पायी स्टेशनावर जातील आणि मोटारींची गर्दी घटेल. विचार शहाणपणाचा आहे. गंमत अशी, की हा विचार नवी मुंबईने फार आधी केला होता.

खाडीपलीकडचे शहर

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी नेमण्यात आली. ही जमीन ओसाड नव्हती. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भात पिकवायचे, हे काम आगरी, कोळी आणि कराडी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले होते. मिठागरे होती, मासेमारी होती.

१९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. पण शहर खऱ्या अर्थाने भरू लागले ते रेल्वेने. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून वाशीला लोकल आली, पुढल्या वर्षी बेलापूरला पोचली. या मार्गाचा दोनतृतीयांश खर्च सिडकोने सोसला, एकतृतीयांश रेल्वेने. सिडकोजवळ पैसा कोठून आला? मुख्यत्वे भूखंडांच्या विक्रीतून! म्हणजे शेताचा भूखंड झाला, भूखंडाच्या पैशातून रेल्वे आली आणि रेल्वेने उरलेल्या भूखंडांचा भाव वाढवला. मोठे चतुर गणित! फक्त या गणितात ज्याचे शेत, त्याचा आकडा कोठे मांडायचा, हे आरंभी कुणाच्या मनात आलेले दिसत नाही. त्याला एकदाच मोबदला मिळाला आणि हिशेब मिटला.

तो मिटला नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्यानंतर, १९९० साली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचा निर्णय झाला.

हा हिशेब आम्ही घरी मांडून पाहिला. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून रस्ते आणि सार्वजनिक सोयी यांसाठी तीस टक्के वजा. हाती राहिले साडेतीन गुंठे! स्टेशनाजवळचे साडेतीन गुंठे काही थोडे नव्हेत, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण भूखंड हाती पडेपर्यंत अनेकांची वर्षे गेली. आणि चार भावांत साडेतीन गुंठे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठादेखील येत नाही.

पुन्हा तोच प्रश्न

उरणची लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. जासईच्या त्या दिवसाला चाळीस वर्षे पुरी व्हायला चारच दिवस उरले होते. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी त्या सेतूच्या आसपासच्या १२४ गावांसाठी आणखी एका नव्या शहराची अधिसूचना निघाली. तिकडे विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात जमीन घेऊन पैसे मोजण्याऐवजी नगररचना योजना राबवली जात आहे. ही पद्धत १९१५ च्या कायद्याइतकी जुनी. सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, बागा यांचा वाटा काढायचा आणि उरलेला आखीव भूखंड मालकाला द्यायचा. तेथे मालकाचा वाटा ४० टक्के ठरला आहे. तो पुरेसा की अपुरा, यावर गावांत वाद आहे. पण साडेबारावरून चाळीसवर येणे, हे त्या जुन्या लढ्याचेच फळ, हे विसरता येणार नाही.

आम्हाला घरे हवीत. आमच्या मुलांनाही लागतील. शेत कायम शेतच राहावे, असा हट्ट शेतकऱ्याची मुलेदेखील धरणार नाहीत. मागणे एवढेच, की नकाशावर रंग बदलतो त्याच दिवशी मालकाचा वाटाही कागदावर यावा. तो मागण्यासाठी त्याला रस्त्यावर उतरावे लागू नये.

जागा आम्ही घेतली का, असे वाचक विचारतील. घेतली. पेढे घेऊन त्या काकांकडे गेलो. जुने गावठाण संपादनातून वगळले होते. पण कुटुंब वाढले तसे त्यांनी हद्दीबाहेर दोन खोल्या चढवल्या. अशी घरे नियमित करण्याचे निर्णय वेळोवेळी निघाले; काकांच्या खोल्यांवर मात्र 'अनधिकृत' हा शिक्का अजून कायम आहे.

परतताना सौभाग्यवतींनी सवयीने घड्याळ पाहिले. काकांच्या दारापासून स्टेशन बरोबर सात मिनिटांवर होते.