मॉल उभा राहिला, पण जमीन कुणाची?



भूमहून बार्शी, टेंभुर्णी करीत निघालेली गाडी पुण्यात शिरते ती हडपसरवरून. लेकाला खोली पाहून द्यायला, दवाखान्याला किंवा सोयरिकीच्या कामाला तुम्हीही या वाटेने गेला असाल. काचेच्या उंच इमारती दिसू लागल्या की पोरं म्हणतात, "आबा, हा बघा मॉल!" आपण मान वर करून पाहतो आणि पुढे जातो. आज जरा तिथेच थांबू. कारण या भागात काल-परवापर्यंत शेती होती आणि तिचे मालक तुमच्या-आमच्यासारखेच शेतकरी होते.

बाजाराला छप्पर आले

मॉल म्हणजे एका छपराखालचा मोठा बाजार. कापड, जोडे, किराणा, खाणावळ, सिनेमा, सगळे एकाच इमारतीत. ही कल्पना अमेरिकेतली. तिथे लोकांकडे मोटारी आल्या आणि ते शहराबाहेर राहायला गेले. मग बाजारही त्यांच्या मागे गेला. मिनियापोलिस शहराजवळ इडायना येथे १९५६ साली साउथडेल नावाचा मॉल उघडला. कडाक्याची थंडी असो की उन्हाळा, आत हवा सारखीच.

तो आखणारे व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे. त्यांच्या मनात नुसती दुकाने नव्हती. भोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग असावी आणि माणसे एकमेकांना भेटावीत, असे त्यांना वाटे. म्हणजे आपला गावचा चौकच म्हणा ना! पण बांधणाऱ्यांनी दुकाने तेवढी उचलली आणि भोवती मोटारी लावायची मैदाने केली. ग्रुएन पुढे आपल्याच कल्पनेवर नाराज झाले.

आपल्याकडे मुंबईत ताडदेवला १९९९ साली क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. गर्दी इतकी झाली, की आत सोडताना मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड आहे का, हे पाहू लागले. ज्याच्याकडे नाही त्याने पैसे भरून आत जावे! पुढे २००४ साली मालाडला इनऑर्बिट आला आणि मॉल उपनगरांत पसरले. लोअर परळला तर फिनिक्स गिरणीच्या जागेवरच मॉल झाला.

हडपसरच्या शेतकऱ्यांनी काय केले?

आता मुख्य गोष्ट. १९८२ च्या सुमारास हडपसरच्या मगरपट्ट्यावर शहराच्या वाढीची खूण पडली. शेतकऱ्यांनी ओळखले, की आज ना उद्या जमीन जाणार. असे झाले की काय होते, हे तुम्ही पाहिले असेलच. दलाल येतो, एकेकाला गाठतो, रोख दाखवतो. घर बांधून होते, गाडी येते, लग्ने थाटात होतात. काही वर्षांनी पैसा संपतो आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभा राहतो.

मगरपट्ट्यात तसे होऊ दिले नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबे एकत्र आली. त्यांतली बरीचशी मगर भावकीतलीच. जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ज्याची जमीन जेवढी, तेवढा त्याचा कंपनीत वाटा. बांध मोडले, पण मालकी मोडली नाही.

त्या जमिनीवर घरे, शाळा, दवाखाना, बाग आणि संगणकाच्या कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. पुढे सीझन्स हा मॉलही आला. ग्रुएन यांना जे हवे होते, त्यातले बरेच इथे शेतकऱ्यांनी केले. शेतकऱ्यांच्या पोरांनी बांधकामाची कामे शिकून ठेके घेतले.

यातली मेख समजून घ्या. विकलेल्या जमिनीचा पैसा एकदाच येतो, भाड्याचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. मॉलमधले दुकानदार येतात-जातात, पण जागा ज्याची त्याला भाडे मिळते.

भूमला यातून काय घ्यायचे?

भूम म्हणजे हडपसर नव्हे, हे खरे. आपल्याकडे उद्या मॉल येणार या आशेवर कुणी राहू नये. मॉलचाही भरवसा नसतो. ज्या क्रॉसरोड्सला एवढी गर्दी लोटली, तो पुढे दुसऱ्याच्या हाती गेला, नावही बदलले. अमेरिकेतही कितीतरी मॉल ओस पडले आहेत.

पण एकीची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्या तालुक्याचा खवा, कुंथलगिरीचा पेढा दूरवर जातो. घरची बाई पहाटे उठून धारा काढते, भट्टीपुढे कुणीतरी तासन्‌तास खवा हलवत बसते. दर मात्र भलताच ठरवतो. दहा घरे मिळून उभी राहिली, तर दराच्या बोलण्यात आपलाही आवाज राहील. शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची सोय कायद्यात आता आहेच.

आणि रस्त्यासाठी, कारखान्यासाठी कुणी जमीन मागायला आले, तर एकट्याने अंगठा उठवू नका. भावकीला बोलवा, घरातल्या बायकांनाही बसवा, कागद वाचून घ्या. नुसती किंमत विचारू नका, "पुढे आमचा वाटा किती?" हेही विचारा.

पुढच्या खेपेला हडपसरला गाडी थांबली, की त्या काचांकडे बघा आणि पोरांना ही गोष्ट सांगा.