तळाची ओळ

वर्तमानपत्र हातात घ्या. शेवटचे पान काढा. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडेल. हे पत्र अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. आमच्या नागपूरच्या वर्गात मात्र ज्याला जोडाक्षरे येऊ लागली त्याला आम्ही आधी हीच ओळ वाचायला देतो. मुद्रक, प्रकाशक, प्रसिद्ध. सराव चांगला होतो!

ही ओळ कोणी हौसेने छापू लागले नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखान्यांचा कायदा केला, त्यात तशी सक्ती होती. सरकारविरुद्ध कोण लिहितो ते कळावे, असा त्यांचा मतलब. तो कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. पण त्या ओळीचा उपयोग सरकारपेक्षा आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्यांना, जास्त आहे. छापलेल्या मजकुराबद्दल जाब कोणाला विचारायचा ते तिच्यावरून समजते.

जाब द्यावा लागतो म्हणजे काय होते, त्याची एक जुनी हकिकत सांगतो. पुण्याला १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे. त्या वेळी कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, अशी लोकांत कुजबुज होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर संशय होता. अशात काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांचीच आहेत असे सांगण्यात आले. मजकूर भयंकर होता. संपादकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि कडक लिहिले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. म्हणजे, माझ्याबद्दल खोटे छापून माझे नाव खराब केले, अशी तक्रार. कोर्टात ती पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. जोतिराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

यातली खरी गोम पुढेच आहे. महाराजांची काळजी करण्यात संपादकांचे काही चुकले नव्हते. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. म्हणजे काळजी खरी होती आणि कागद खोटे होते. हेतू चांगला म्हणून खोटा कागद खरा होत नाही. आम्हाला टिळक-आगरकरांबद्दल फार आदर आहे, पण ती पत्रे आधी तपासून घ्यायला हवी होती, असेच आम्ही म्हणू.

आता कायद्याचे थोडे. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमात बोलण्याचे आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य आहे. वर्तमानपत्रांचे नाव तिथे वेगळे लिहिलेले नाही. पण न्यायालयांनी १९५० पासून सांगितले आहे की छापण्याचे स्वातंत्र्य त्यातच आले. त्याला मर्यादाही आहेत. कोणाची खोटी बदनामी करता येत नाही, दंगा पेटवता येत नाही. बदनामीला आजच्या भारतीय न्याय संहितेत ३५६ वे कलम आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे संपादकाला लागू आहे, तसे तुम्हाआम्हालाही. लेखणी असो की मोबाइल, कायदा तोच.

मर्यादा सरकारने वाटेल तशा ताणाव्या, असेही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे वारल्यावर मुंबई बंद राहिली, त्यावर एकीने फेसबुकवर दोन शब्द लिहिले आणि दुसरीने ते आवडल्याचे कळवले, एवढाच त्यांचा गुन्हा! ज्या ६६-अ कलमाचा त्यात उपयोग झाला, त्याविरुद्ध श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने आणखी एक नियम केला. सरकारच्या कामाबद्दलची इंटरनेटवरची कोणती बातमी खोटी, ते सरकारचेच पथक ठरवणार होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम घटनेविरुद्ध ठरवला. बरे झाले. ज्याच्यावर टीका झाली त्यानेच निकाल द्यायचा, हे गावच्या पंचायतीतही कोणी चालवून घेत नाही.

वर्तमानपत्राने चुकीचे छापले तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. ते ताकीद देते, ठपका ठेवते. शिक्षा करू शकत नाही. म्हणून काही लोक त्याला दात नसलेला वाघ म्हणतात. तरी पत्रकाराने बातमी पडताळावी, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घ्यावे, चूक झाल्यास ती छापावी, हे नियम त्याने लिहून ठेवले आहेत.

मोबाइलवरच्या निरोपाला ती तळाची ओळच नसते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. जमावाने त्यांना टोळीवाले समजून मारायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही मेले. ते कोणाचे मूल पळवायला आले नव्हते. त्या निरोपाचा संपादक कोण होता? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले.

आम्हीही याला अपवाद नाही. अमुक तारखेपर्यंत सही केली नाही तर शिधापत्रिका रद्द होईल, असा निरोप आम्ही एकदा वस्तीत पाठवला. मास्तरांनी पाठवला म्हणून लोकांना तो खरा वाटला. दोघी बायका रोजी बुडवून उन्हात रांगेत उभ्या राहिल्या, आणि असे काही नाही, हे ऐकून परत आल्या. त्या बुडालेल्या रोजीचे पैसे आम्ही द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. ते जास्त लागले.

मागच्या महिन्यात वर्गातल्या एका ताईंनी मोबाइल पुढे केला. “गुरुजी, हे खरं व्हय का?” पोरे पळवणारी बाई पारडीकडे दिसली, असे लिहिले होते आणि खाली एका बाईचा फोटो. वर दोन बाणांची खूण होती. पुष्कळ हातांतून फिरलेल्या निरोपावर ती खूण येते. आम्ही म्हटले, तळाची ओळ शोधा. ताईंनी भावजयीला फोन लावला. भावजयीला तो शेजारणीने पाठवला होता. शेजारणीला तिच्या दिराने. दिराला एका भाजीवाल्याने. भाजीवाला म्हणाला, “कोनं पाठवला, आठवत नाही बाप्पा.” ताईंनी मग पारडीला राहणाऱ्या मावशीला विचारले. तिकडे कोणाचेच मूल हरवले नव्हते. ताईंनी निरोप पुसून टाकला, आणि भावजयीला पुन्हा फोन लावून म्हणाल्या, “तू बी पूस.”