विम्याच्या दाव्यांत प्रतिपक्षाकडून कागद कसे मिळवावे

गोठा जळाला, हप्ते वेळेवर भरलेले, तरी कंपनी पैसे नाकारते, म्हणून शेतकरी दिवाणी दावा लावतो. परंतु नुकसानीचा पाहणी-अहवाल व अंतर्गत पत्रव्यवहार कंपनीच्याच कपाटांत असतो. ते मागितल्यास ‘आवश्यक कागद दिले आहेत’ असें मोघम उत्तर येतें. महसुली दफ्तरांत आम्ही एवढें शिकलों कीं, मोघम मागणीस मोघमच उत्तर मिळतें. यास्तव प्रत्येक कागद नांव व तारीख देऊन मागावा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ११ मध्यें याची सोय आहे. कैफियतींत उल्लेखिलेला कागद दाखविण्याची नोटीस नियम १५ प्रमाणें द्यावी. ती पोंचल्यापासून दहा दिवसांत तपासणीची वेळ न कळविल्यास नियम १८ खालीं अर्ज करावा. इतर कागदांची शपथेवरील यादी नियम १२ खालीं कोर्टामार्फत मागावी व त्यांतील कागद नियम १४ खालीं हजर करवावे. अर्जांत कोणत्या बाबीस उत्तर नाहीं व तो कागद वादास कां अवश्य आहे, हें कलमवार लिहावें.

हुकूम मोडल्यास नियम २१ खालीं कंपनीचा बचाव रद्द होऊं शकतो. शिवाय दडविलेला पुरावा दडविणाराच्या विरुद्धच असावा, असें अनुमान भारतीय साक्ष अधिनियम, २०२३, कलम ११९ खालीं कोर्टास काढतां येतें.

मात्र याच नियम २१ नें हुकूम न पाळणाऱ्या वादीचा दावाही निघूं शकतो. यास्तव शेतकरी बंधूंनीं पॉलिसी, पावत्या व पंचनाम्याची नक्कल आजच एका पिशवींत बांधून ठेवावी.