मोजून सोडलेले मासे

समॅमिश (वॉशिंग्टन राज्य), एप्रिलअखेर

इथल्या तळ्यांतले मासे ट्रकमधून येतात. हे अगोदरच सांगून टाकते, कारण गावाकडचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर येतो, "तुमच्याकडे काय, नुसता गळ टाकायचा अवकाश!" सिॲटलच्या आसपास तळी पुष्कळ आहेत, पाणी स्वच्छ आहे, काठाला उंच झाडं आहेत. पण शनिवारी सकाळी माणसं ज्याच्यासाठी थंडीत कुडकुडत बसतात तो रेनबो ट्राउट बहुतेक ठिकाणी त्या तळ्यात जन्मलेला नसतो. सरकारी केंद्रात अंडी फलित करतात, पिल्लं सिमेंटच्या लांब हौदांत खाद्याच्या गोळ्यांवर वर्षभर किंवा थोडी जास्त वाढवतात आणि मासा वीतभराच्या वर गेला की तळ्यात सोडतात. या राज्यात पकडण्याजोगे असे ट्राउट दर वर्षी २० लाखांच्या घरात सोडले जातात.

आमच्या जवळच्या पाइन लेकवर मी ट्रक रिकामा होताना पाहिला. टाकीला प्राणवायूची नळी होती. चालकाने आधी टाकीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याचं तापमान पाहिलं, मग जाड पाइप धक्क्यावरून पाण्यात सोडला. मासे पाण्याच्या लोंढ्याबरोबर धडाधड बाहेर पडले आणि क्षणभर सगळे काठाशीच घोटाळत राहिले. तेवढ्यात पाणकावळे हजर. समोरच्या झाडावर गरुड येऊन बसला. चालकाने वहीत आकडा लिहिला, पाइप गुंडाळला आणि पुढच्या तळ्याकडे गेला.

मला हेवा वाटतो तो त्या वहीतल्या आकड्याचा. कोणत्या तळ्यात, कोणत्या तारखेला, किती मासे सोडले, ते सरासरी केवढे होते, ही यादी राज्याचं मत्स्य खातं जाहीर करतं. तिसरीतल्या मुलालाही ती वाचता येते. आमच्या शेजारचा मुलगा वाचतोच, आणि आपल्या वडिलांना कुठे जायचं ते सांगतो.

दुसरा गैरसमज असा की हे सगळं श्रीमंत सरकारची खैरात आहे. तसं नाही. वय पंधरा किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येकाला परवाना काढावा लागतो. शिवाय १९५० च्या एका केंद्रीय कायद्याने गळ, काठी, रीळ अशा मासेमारीच्या साहित्यावर कारखान्यातच कर बसतो, बहुतेक वस्तूंवर दहा टक्के. तो पैसा राज्यांना वाटला जातो तो राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून. परवान्याचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवायचे नाहीत, अशी त्यातच अट आहे. म्हणजे गळ टाकणाऱ्याच्याच पैशातून मासे वाढतात, आणि म्हणून तो हक्काने विचारतो, यंदा आमच्या तळ्यात कमी का सोडले?

तिसरा गैरसमज, 'ते लोक मासे पकडतात आणि सोडून देतात.' काही तळ्यांवर तसा नियम आहे. पण हे सोडलेले ट्राउट घरी नेऊन खाण्यासाठीच आहेत. एप्रिलच्या चौथ्या शनिवारी सखल भागातली बरीच तळी खुली होतात, त्या दिवशी पाइन लेकच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. व्हिएतनामी आजी, युक्रेनहून आलेलं कुटुंब, मेक्सिकन बाप-लेक, आणि आता आपलेही बरेच जण. चारा म्हणून चमकी घातलेला नारिंगी किंवा पोपटी रंगाचा मऊ लगदा मिळतो. कणकेच्या गोळीसारखाच हातावर वळायचा आणि गळाला लावायचा. फरक इतकाच की तो तरंगतो. शिसं तळाशी बसतं आणि गोळी दोरीने हातभर वर येते, कारण ट्राउट तळच्या गवताच्या वरून फिरतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल जातो, म्हणून मासे सोडायचे ते मुख्यतः वसंतात आणि पुन्हा शरदात.

दिवसाला माणशी पाच मासे. यावरून माणगावच्या मामांशी माझं फोनवर चांगलंच वाजलं.

"पाच? आणि सहावा लागला तर?"

"पाच झाले की थांबायचं, मामा. चारा लावून पकडलेला असेल तर सोडून दिलेलासुद्धा पाचात धरायचा. गळ घशात गेलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही."

"अगं, पहिल्या पावसात शेतात चढून येतो तो मासा देवाने दिलेला. त्याला मोजतं कोण?"

मामांचं वाक्य मला तोडता येत नाही, कारण वलगणीचे मासे हा माझ्या लहानपणातला सगळ्यात मोठा आनंद आहे. जूनच्या पहिल्या दमदार पावसात ओढ्याच्या धारेविरुद्ध मासे वर चढतात, भातशेतांत येतात, आणि रात्री अख्खा गाव बॅटऱ्या, कोयते, झोळ्या घेऊन बांधावर उतरतो. शिंगटी, मळ्या, खवली. पोटात गच्च गाभोळी. त्या कालवणाची चव इथल्या कुठल्याही ट्राउटला नाही. ट्राउट रवा लावून तळला की खवलं काढायचीही गरज नसते, काटा अख्खा सुटून येतो, पण हौदातल्या खाद्यावर वाढलेल्या माशाला चव कितीशी असणार?

तरीही मामांना सांगावंसं वाटतं, की ती गाभोळी म्हणजेच पुढच्या वर्षीचे मासे. ते वर चढतात ते अंडी घालायला. पूर्वी झोळीतून निसटणारे पुष्कळ असायचे, म्हणून भागत होतं. आता ओढ्यात विजेचा शॉक देतात, ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि बोटभर पिल्लापासून सगळं उलटं होऊन वर येतं. समुद्रात जून-जुलैची मासेमारी बंदी आपण समजू शकतो, मग ओढ्यासाठी दोन रात्री का नाही?

आपल्याकडे मासे सोडत नाहीत असंही नाही. माशांच्या लहानमोठ्या पिल्लांसाठी मत्स्यजिरे, बोटुकली हे शब्द आपल्या सरकारी कागदांत केव्हापासून आहेत. धरणांत कटला, रोहू, मृगळ सोडतात. टाटा कंपनीने १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला महसीरची पिल्लं वाढवली. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात, तिथे एकही पहारेकरी लागत नाही. असं राखणं इथे मी पाहिलेलं नाही, आणि वाळणकोंडीची गोष्ट मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगते.

आणि इथलं सगळं बरोबर आहे असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वतात ज्या उंचावरच्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते तिथे हौसेने ट्राउट सोडले आणि बेडकांची एक जात संपत आली. पुढे जाळी लावून तेच मासे काढावे लागले. उजनी धरणात चिलापी या परक्या माशाने बस्तान बसवलं, ती गोष्ट ऐकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. इथला मूळचा चिनूक सॅमन १९९९ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. मूळ निवासी जमातींना सरकारशी झालेल्या जुन्या करारातला माशांवरचा हक्क मिळवायला न्यायालयात जावं लागलं, तेव्हा १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांत त्यांचा निम्म्यापर्यंत वाटा मान्य केला. तळ्यात ट्रक रिकामा करणं सोपं आहे, सॅमनसाठी नदी मोकळी करणं अवघड, आणि सोप्या कामाला गर्दी जमते याची मला इथे राहून चीड येते.

आपली धरणं आणि तलाव हौशी लोकांसाठी राखा असं मी म्हणणार नाही. तिथे भोई, कोळी, आदिवासी यांचं पोट आहे, सहकारी संस्थांना ठेका असतो आणि तो असावाच. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. किती बोटुकली सोडली, कोणत्या जातीची, कधी, हे संस्थेच्या साध्या सभासदालाही सहसा ठाऊक नसतं. कागदावर आकडा असतो, पण पाण्यात पडला त्या वेळी तो पाहिला कुणी? आणि काठावर गरवायला बसलेल्या पोराला कुणी हाकलतं, कुणी बसू देतं, पण तुझा हक्क एवढा आणि तुझी जबाबदारी एवढी असं कुणीच सांगत नाही. ज्याला हक्क नाही तो ब्लीचिंगची पिशवी घेऊन आलेल्याला अडवणार तरी कशाच्या जोरावर?

असा आकडा सगळ्यांसमोर ठेवायला ट्रक, प्राणवायूची टाकी, अमेरिकेची श्रीमंती, काहीच लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन ओळी लागतात: तारीख, जात, संख्या. मासे सोडतील त्या दिवशी शाळेची मुलं काठावर उभी करावीत, आकडा त्यांच्यासमोर मोजावा आणि त्यांच्याच हाताने फळ्यावर लिहून घ्यावा. तुमच्या तालुक्यातल्या तलावाची यंदाची यादी ग्रामसभेत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. मामा, माणगावात पहिला अर्ज तुम्हीच करा.