मोठा पडदा आणि त्याची तार

सन २०२० च्या टाळेबंदींत ऐरोली-महापे येथील कचेऱ्यांतलें संगणकाचें काम घरोघरीं आलें आणि वाशी-नेरूळच्या बैठकींत लॅपटॉपशेजारीं मोठा मॉनिटर येऊन बसला. पडदा सुरेख, परंतु माउसचा बाण त्यावर अडखळत चालतो, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. कित्येक गृहस्थ मॉनिटर परत करावयास निघतात. दोष मात्र बहुधा जोडणीचा असतो.

हिशेब साधा आहे. ‘फोर-के’ पडद्यावर आडवे ३८४० व उभे २१६०, म्हणजे सुमारें ८३ लक्ष ठिपके. प्रत्येकाच्या रंगास २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदास ६० वेळां नवें उमटावें लागतें. हा ओघ सेकंदास जवळजवळ १२ अब्ज बिटांचा झाला. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ मध्यें प्रत्यक्ष चित्रास आठ अब्जांच्या आसपासच वाट मिळते; म्हणून तेथें चित्र ३० वेळांच उमटतें. २०१३ सालचें एचडीएमआय २.० किंवा त्याहूनहि जुनें डिस्प्लेपोर्ट १.२ हा भार सहज वाहतें.

खरी फसगत यूएसबी-सीची. भोंक तेंच, पण कांहीं लॅपटॉपांत त्यांतून चित्र निघतें, कांहींत केवळ वीज आणि फाइली. खरेदीपूर्वीं माहितीपुस्तिका पाहावी. स्वस्त अ‍ॅडॅप्टर तर पुष्कळदां ३० वरच थांबतो. लॅपटॉप, तार, मॉनिटर यांत जो दुबळा, त्याच्याच चालीनें सर्वांस चालावें लागतें. सर्व जुळूनहि बाण अडखळलाच, तर संगणकाच्या सेटिंगांत ६० हर्ट्झ निवडलें आहे कीं नाहीं, तेवढें पाहावें.