पुल्या एका ओळीत: जुन्या इंजिनाच्या बेल्टची दुरुस्ती

मोटारीच्या इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून गेलेला बेल्ट पाण्याचा पंप, पंखा आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो. मोठ्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर यांचीही त्यात भर पडते. एका बेल्टवर असलेल्या सगळ्या पुल्यांच्या खाचा एकाच प्रतलात हव्यात, ही या रचनेची मुख्य अट. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीत ती पाळलेली असते. पुढे पन्नास वर्षांत एका गाडीचा पंप, दुसऱ्या सालचा ब्रॅकेट आणि भंगारातून आणलेली पुली असा संसार एकाच इंजिनावर जमतो आणि ओळ बिघडते. अशा वेळी एकेक भाग तपासला तर प्रत्येक भाग निर्दोष निघतो. म्हणूनच बेल्ट बदलत राहणारा मालक आणि बेअरिंग बदलत राहणारा मिस्त्री दोघेही हैराण होतात.

जुन्या गाड्यांत व्ही-बेल्ट असतो. अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबराचा व्ही-बेल्ट तयार केला आणि पुढची साठ वर्षे मोटारींत त्याचेच राज्य राहिले. हा बेल्ट खाचेच्या तळावर टेकत नाही. तिच्या दोन उतरत्या बाजूंमध्ये तो पाचरीसारखा रुततो आणि पकड या बाजूंवरच मिळते. खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसला आहे, किंवा खाचेच्या बाजू खाल्ल्या गेल्या आहेत, असे समजावे. पुली पुढेमागे असली की बेल्ट खाचेत शिरताना एका बाजूला घासतो. त्या बाजूचे रबर तापते, काळी भुकटी इंजिनावर साचते आणि काही दिवसांनी बेल्टच्या त्याच कडेचे दोरे सुटू लागतात. चूक मोठी असेल तर बेल्ट खाचेतच उलटा होतो किंवा सरळ बाहेर फेकला जातो. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असल्यामुळे पुढची पाळी इंजिन तापण्याची असते.

किती चूक चालते? व्ही-बेल्टसाठी वर्कशॉपमधला जुना हिशेब फुटामागे अर्धा सूत असा आहे. म्हणजे ३०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन पुल्यांमध्ये साधारण १.६ मिलिमीटरचा फरक. कोनात मोजला तर तो अंशाच्या एक तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो. नुसत्या डोळ्यांना एवढा फरक दिसेलच असे नाही, आणि जो दिसतो तो बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

चुकीचे प्रकार तीन आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे. पहिल्यात पुल्या एकमेकींना समांतर असतात, पण एक पुढे आणि एक मागे. दुसऱ्यात पुली तिरपी असते, म्हणजे तिचा शाफ्ट क्रँकशाफ्टला समांतर नसतो. तिसऱ्यात पुली जागेवर असते, पण फिरताना लचकते. शाफ्ट वाकलेला, पत्र्याची पुली ठोकर लागून मुरडलेली किंवा बेअरिंग ढिले, यांपैकी काहीतरी त्यामागे असते. पहिल्या दोन चुका एकत्रही येतात. तिसरी मात्र आधी दूर केल्याशिवाय बाकीची मापे घेण्यात अर्थ नसतो. त्यासाठी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात आणि प्रत्येक पुलीच्या कडेशी डायल गेज, तो नसेल तर निदान खडूचे टोक, स्थिर धरून पाहतात. खडूची खूण अर्ध्याच घेरावर उमटली तर पुली लचकते आहे.

आवाजावरूनही अंदाज बांधता येतो. तुटक चिवचिव बहुधा ओळ बिघडल्याची असते. लांब किंचाळी, विशेषतः हेडलाइट लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारी, बेल्ट ढिला असून घसरत असल्याची. इंजिन चालू असताना बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी शिंपडले आणि आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर ओळ तपासावी. पाण्याने आवाज वाढला तर ताण तपासावा. बेल्टवर फवारायचे चिकट औषध बाजारात मिळते. त्याने आवाज काही दिवस दबतो, झीज तेवढीच चालू राहते आणि धूळ मात्र जास्त चिकटते. निदानाच्या कामी त्याचा उपयोग नाही.

बेमेळ भागांमुळे ओळ कशी बिघडते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन. १९५५ च्या मॉडेलपासून आलेल्या या इंजिनाचे भाग दशकानुदशके एकमेकांना जुळत राहिले. ही त्याची ख्याती, आणि घोटाळ्याचे मूळही हेच. १९६८ पर्यंत त्याला आखूड पाण्याचा पंप असे. १९६९ च्या मॉडेलपासून बहुतेक शेव्हरोले गाड्यांत तो सव्वा इंचाच्या आसपास लांब झाला. त्याबरोबर क्रँकपुली, पंपाची पुली आणि ब्रॅकेट असा सगळा संच बदलला. अल्टरनेटर इंजिनाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडाला ब्रॅकेटसाठी आटे पाडलेली भोके आली, जी आधीच्या हेडना सहसा नव्हती. पण दोन्ही पंप ब्लॉकवर त्याच बोल्टांनी बसतात! त्यामुळे १९६७ च्या कॅमॅरोत सत्तरीच्या दशकातले ३५० घन इंचांचे इंजिन टाकणाऱ्याला कुठेही अडल्यासारखे वाटत नाही. पंप बसतो, पुली बसते, बोल्ट आवळले जातात. बेल्ट चढवायची वेळ आली की खाच बोटभर पुढे गेल्याचे दिसते. आखूड पंपाची पुली लांब पंपावर चढवली तर हे ठरलेलेच आहे. इथे वॉशर घालून काही साधत नाही. आखूड किंवा लांब, एक पद्धत ठरवून पंप, दोन्ही पुल्या आणि ब्रॅकेट त्याच संचातले घ्यावे लागतात. हेडना भोके नसतील तर ब्रॅकेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या किंवा पंपाच्या बोल्टांवर धरणारा निवडावा लागतो. ओतीव भागांवरचे कास्टिंग नंबर अशा वेळी विक्रेत्याच्या शब्दापेक्षा जास्त कामाचे.

संच जुळत असूनही ओळ चुकत असेल तर मोजायला बसायचे. आधार क्रँकपुलीचा घेतात, कारण ती सहजी हलवता येत नाही. पण ती स्वतः पूर्ण आत बसली आहे ना, हे आधी पाहावे. स्मॉल ब्लॉकमध्ये क्रँकपुली ज्या डँपरला बोल्टने जोडलेली असते तो क्रँकशाफ्टच्या टोकावर दाबून बसवलेला असतो. तो पूर्ण आत गेला नाही तर पुली तेवढीच पुढे राहते आणि बाकीच्या सगळ्या पुल्या चुकीच्या वाटू लागतात. डँपर हातोड्याने ठोकून बसवू नये, त्यासाठी स्क्रूचे खास हत्यार मिळते. डँपरच्या बाहेरच्या जड कड्यात आणि आतल्या तुंब्यात रबराचा थर असतो. काही इंजिनांत बेल्टची खाच या बाहेरच्या कड्यातच कोरलेली असते. तिथे रबर सुटले की कडे पुढेमागे सरकते, टायमिंगची खूणही फिरते आणि पुढे डँपर बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

मापासाठी सर्वांत साधे साधन म्हणजे पोलादी सरळ पट्टी. बेल्ट काढून ती क्रँकपुलीच्या तोंडावर, पुलीच्या दोन्ही कडांना टेकेल अशी धरायची आणि तिचे दुसरे टोक अल्टरनेटरच्या पुलीसमोर न्यायचे. त्या पुलीच्या जवळच्या आणि लांबच्या कडेपाशी पट्टीपासूनचे अंतर सारखे भरले तर पुली समांतर आहे, वेगळे भरले तर तिरपी. इथे एक फसगत हमखास होते. दोन पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसते. तोंडे एका ओळीत आणली म्हणजे खाचा आल्या असे मुळीच नाही. म्हणून माप खाचेच्या मध्यापर्यंत घ्यायचे. त्याची सोपी युक्ती अशी की खाचेच्या दोन्ही बाजूंना टेकेल अशा जाडीच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी खाचेत आडवी ठेवायची, पट्टीपासून दांडीच्या जवळच्या बाजूपर्यंत व्हर्नियरने मोजायचे आणि त्यात दांडीची निम्मी जाडी मिळवायची. हेच माप क्रँकपुलीवर घ्यायचे. दोन आकड्यांतला फरक हीच पुली सरकवायची मात्रा. लेझरची साधनेही मिळतात. व्ही-बेल्टसाठी पट्टी आणि व्हर्नियर पुरतात.

पुलीला एकाहून जास्त खाचा असतील तर बेल्ट योग्य खाचेत आहे ना, हे मोजण्याआधी पाहावे. आतल्या खाचेचा बेल्ट बाहेरच्या खाचेत चढवलेला असणे ही इतकी बाळबोध चूक आहे की ती शेवटी लक्षात येते.

दुरुस्तीचा क्रम क्रँकपासून बाहेर जातो. आधी पाण्याचा पंप, मग अल्टरनेटर, मग बाकीचे. पंपाच्या पुलीमागे पातळ गोल शिम चालते, पण पुली तुंब्याच्या मधल्या उंचवट्यावर केंद्रित राहील आणि पंखा रेडिएटरला लागणार नाही एवढीच. पॉवर स्टिअरिंग पंपाची पुली अनेक अमेरिकन गाड्यांत शाफ्टवर दाबून बसवलेली असते. ती पुढेमागे करायला ओढण्याचे आणि दाबण्याचे वेगळे हत्यार लागते. ठोकल्यास पंप आतून जातो.

सगळ्यात जास्त काम अल्टरनेटरवर असते. तो एका लांब बोल्टाभोवती झुलतो आणि वरच्या खाचेच्या पट्टीने ताण धरतो. ब्रॅकेटला टेकणाऱ्या त्याच्या पुढच्या आणि मागच्या कानाशी सारख्याच जाडीचे वॉशर घातले तर पुली समांतर सरकते. एकाच कानाशी घातले आणि दुसरीकडे फट राहिली तर बोल्ट आवळताना अॅल्युमिनियमचा कान ताणला जातो. तो आज तुटत नाही, महिन्याभराने तुटतो. तीन-चार वॉशरांची चळत रचण्यापेक्षा लेथवर हव्या लांबीचा एकच बुश करून घेणे केव्हाही चांगले. त्याची दोन्ही तोंडे समांतर असतात आणि पुढच्या वेळी वॉशर हरवत नाहीत. पहारीने रेटून बेल्ट ताणताना मागून आधार नसलेला अल्टरनेटर तिरका होतो. म्हणून माप एकदा ढिल्या बेल्टवर आणि एकदा पूर्ण ताणावर घ्यावे. दोन मापांत फरक पडला तर दोष पुलीत नसून कमकुवत ब्रॅकेटमध्ये आहे.

भारतातल्या जुन्या गाड्यांत हाच प्रश्न बहुतेक वेळा डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवताना येतो. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जोडल्या. स्मॉल ब्लॉक त्यानंतर आले. त्यामुळे इथल्या त्या काळच्या बहुतेक शेव्हरोलेंमध्ये सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन आणि डायनॅमो दिसतो. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जुन्या फियाट, तसेच जुन्या अँबेसेडर, याही डायनॅमोच्याच. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटनच्या बीएमसी बी-मालिकेतले. याच मालिकेच्या इंजिनावर धावणाऱ्या एमजीबीने १९६७ च्या अखेरीस डायनॅमो सोडून अल्टरनेटर घेतला. लुकासचा सी-४० डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो, आणि इंजिन मंद चालताना तेवढेही नाही. सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट पिवळे पडतात ते यामुळेच.

अल्टरनेटर डायनॅमोपेक्षा आखूड आणि जाड असतो. त्याच्या दोन कानांतले अंतर डायनॅमोच्या ब्रॅकेटशी जुळत नाही. पुढचा कान ब्रॅकेटला टेकवला तर मागे मोठी फट उरते. लुकासच्या कित्येक अल्टरनेटरांच्या मागच्या कानात सरकणारा पोलादी बुश असतो तो अशीच फट भरून काढायला. बोल्ट आवळला की तो सरकून ब्रॅकेटला टेकतो. बुश गंजून अडकलेला असेल तर तेल सोडून आधी मोकळा करावा. फट त्याच्या आवाक्याबाहेर असेल तर तेवढ्या मापाची नळी लेथवर करून घ्यावी. अल्टरनेटरची पुलीही बेल्टच्या रुंदीची हवी. मोटारींचे व्ही-बेल्ट वरच्या बाजूला सहसा १० किंवा १३ मिलिमीटर रुंद असतात. १३ च्या खाचेत १० चा बेल्ट घातला तर तो तळाला टेकतो आणि ओळ बरोबर असूनही घसरतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असू शकते, तेही हात घालण्यापूर्वी तपासावे.

१९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून एकच रुंद, लांबट खाचांचा सर्पाकार बेल्ट रुळला. जुन्या इंजिनांसाठी त्याचे संच आता तयार मिळतात आणि सगळे ब्रॅकेट एकाच प्रतलासाठी बनवलेले असल्याने जुळवाजुळव बरीच वाचते. पण या बेल्टच्या दोन शिरांमधले अंतर ३.५६ मिलिमीटरच असते. पुली तेवढी सरकली तर बेल्ट एक खाच सोडून बसतो. चुकीला माफी व्ही-बेल्टपेक्षा कमीच.

सगळे बसल्यावर बेल्टला ताण देतात. लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास बेल्ट साधारण अर्धा इंच दबावा. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करायचे, बॅटरीची तार काढायची आणि ताण पुन्हा पाहायचा, कारण नवा बेल्ट पहिल्या फेरीत थोडा सैल होतो. बोल्ट पुन्हा आवळून पट्टीचे माप परत घ्यायचे. काहीशे किलोमीटरनंतर बेल्टच्या दोन्ही बाजू सारख्याच मळकट दिसल्या आणि खाचेभोवती काळी भुकटी नसली, तर पुल्या ओळीत आहेत.