त्रेसष्ट इंच

लिलीडेल स्टेशनाबाहेर सकाळचे साडेआठ वाजलेत. मेलबर्नहून येणारी लोकल इथवरच येते. पुढचा वॉरबर्टनचा फाटा १९०१ साली सुरू झाला आणि १९६५ साली बंद पडला. रूळ कधीच उखडून नेलेत. त्यांच्या जागी बारीक खडी दाबून केलेली सायकलवाट आहे. चाळीसेक किलोमीटर, एका बाजूने. परतीसाठी दोन गाड्या आम्ही काल रात्रीच वॉरबर्टनला नेऊन ठेवल्यात.

आम्ही चौदा जण. तेरा साध्या सायकली आणि एक बॅटरीची, भाड्याने आणलेली. ती काकांसाठी. काका म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील. मनमाडला रेल्वेत आयुष्य गेलं, तेही पर्मनंट वेमध्ये, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी यांच्यातच. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेत. वय एकाहत्तर. शेवटची सायकल चालवली तेव्हा तिला डायनॅमो होता म्हणे.

मुलगा त्यांच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा आवळतोय. व्हिक्टोरियात १९९० पासून हेल्मेट सक्तीचं आहे; असा कायदा जगात सगळ्यांत आधी इथेच झाला. पण आज काकांचं लक्ष हेल्मेटवर नाही, त्यातून उभ्या राहिलेल्या प्लास्टिकच्या लांब टाय्यांवर आहे. सगळ्यांच्याच डोक्यावर दहा-बारा.

"हे काय, साळिंदर?"

"मॅगपायसाठी," मी सांगते. "सप्टेंबरात घरटी असतात त्यांची. डोक्यावर झडप घालतात."

"मग चोचीला हे टोचतं?"

"टोचतं असं आम्ही समजतो, काका."

निघतो. मी शेपटाला, म्हणजे सगळ्यांत मागे. कोणी सुटू नये ही माझी जबाबदारी. लायक्राची चमकदार विजार घातलेले तिघे पहिल्या वळणालाच दिसेनासे होतात. अशा मंडळींना गटाने निघायची हौस का असते, हे मला अजून कळलेलं नाही.

माउंट एव्हलिनपर्यंत चढ आहे. दोन्ही बाजूंना झाडी, ओली माती, वॅटलची पिवळीधम्मक फुलं. माझा श्वास वाढतोय, पण उतरून सायकल ढकलायची वेळ येत नाही. काका शेजारून बोलत बोलत चाललेत.

"ढकलावी लागणारच नाही. वाफेचं इंजिन ओढेल तेवढाच चढ दिलेला असतो. हा तर आपल्या कसाऱ्याच्या घाटाएवढासुद्धा नाही. तिथे सदतिसात एक आहे, मागून बँकर इंजिन लावावं लागतं." मग हात बाजूच्या मातीच्या भिंतीकडे. "हे कटिंग बघ. इथली माती काढली ती पुढे भरावात टाकली असणार. आता खळगा येईल."

शंभर-दीडशे मीटरवर वाट खरंच बांधावर चढते. दोन्हीकडे जमीन खाली गेलेली, नेचांनी भरलेली. या वाटेने मी पाच वेळा तरी आले असेन. ही सपाटी कोणी माती वाहून केलेली आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

काका थांबतात. सायकल स्टँडवर लावून बांधाच्या कडेला ओणवे होतात. खाली मोरी आहे, पाणी खळखळतंय. "वाहतंय," एवढंच म्हणतात आणि हात झटकतात. पावसाळ्यात रात्री-अपरात्री मोऱ्या बघत फिरलेल्या माणसाची ही सवय असणार. पुढे दोन मोऱ्यांना हेच. मुलाचा पुढून फोन येतो, "बाबा दमले का?" मी सांगते, बाबा इन्स्पेक्शनला आहेत.

वँडिनला झाडी संपते आणि ऊन लागतं. स्ट्रॉबेरीचे वाफे, चेरीच्या बागा. आणि अर्थात मॅगपाय. काळापांढरा गोळा मागून येतो, काकांच्या हेल्मेटवर टप्पकन आवाज होतो, टाय्या नुसत्या थरथरतात. काका डगमगतात, पण पडत नाहीत. "आपला कावळा असाच टोच्या मारतो," ते म्हणतात आणि गुपचूप बॅटरीचा जोर वाढवतात.

सेव्हिलच्या पुढे कुरणं. गाई मान वर करून बघतात. किलाराच्या अलीकडे कुंपणाला टेकून आम्ही डबे उघडतो. धपाटे, लसणाची चटणी, कोणीतरी आणलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या. काका मात्र धपाटा हातात घेऊन गवतात चाललेत. कुंपणाच्या खांबांशी एक जाड ओंडका आडवा पडलाय, करडा पडलेला, उभ्या भेगा गेलेला.

"स्लीपर आहे!"

धपाटा तोंडात धरून ते उकिडवे बसतात. ओंडक्याच्या दोन टोकांकडे चौकोनी भोकं आहेत, रूळ ठोकायच्या डॉग स्पाइकची. आत मुंग्या. काका बोटाने माती उकरतात, मग आतल्या भोकापासून पलीकडच्या आतल्या भोकापर्यंत वितीने मोजू लागतात. एक, दोन, तीन. आम्ही सगळे गप्प.

"पावणेसात. माझी वीत नऊ इंचांची, नोकरीभर तीच वापरली. म्हणजे साठ इंच आणि वर पाऊण. रुळाचा तळ डोक्यापेक्षा रुंद असतो, त्याचे दोन-सव्वादोन धर. त्रेसष्ट. पाच फूट तीन."

कोणीतरी फोनवर शोधतं. व्हिक्टोरियाचा ब्रॉडगेज: १६०० मिलिमीटर. पाच फूट तीन इंच.

"आपल्यापेक्षा तीन इंच कमी," काका म्हणतात. त्यात थोडा अभिमान आहे, लपवलेला नाही.

शेजारच्या न्यू साउथ वेल्सने आणखी अरुंद गेज घेतला होता. त्यामुळे १९६२ पर्यंत सिडनीला जायचं तर सरहद्दीवरच्या ऑलबरीला सामानसुमान घेऊन गाडी बदलावी लागे, असं मी सांगते. काकांना याचं नवल नाही. मनमाडला औरंगाबादकडची मीटरगेज येऊन टेकायची. एका गेजमधून दुसऱ्या गेजमध्ये पोती टाकणारे हमाल त्यांनी बघितलेत.

वूरी यॅलकनंतर लाँचिंग प्लेस. पाटी वाचून काका हसतात. "इथलं श्रीहरिकोटा?" मी सांगते, जंगलातले ओंडके इथून यारा नदीत सोडत, त्यावरून नाव. यारा जंक्शनला जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे. पॉवेलटाउनच्या जंगलातली लाकडाची ट्रॅमवे इथे येऊन मिळायची. इथून डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, झाडं उंच होत जातात आणि माझ्या मांड्या बोलायला लागतात. त्यामुळे वाटेतल्या मिलग्रोव्हबद्दल मला काही आठवत नाही.

वॉरबर्टनला पोचतो तेव्हा तीन वाजलेत. लायक्रावाले बेकरीसमोर दुसरी कॉफी पितायत. काही जण बूट काढून याराच्या पाण्यात पाय सोडतात आणि लगेच बाहेर काढतात. काका मात्र बाकावर बसून फोनशी झटतायत. स्लीपरचा फोटो त्यांना मनमाडच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचाय. मी पाठवून देते. तिकडे सकाळचे साडेदहा. चहा अजून गरम असणार, कारण उत्तर मिनिटभरात येतं: "लाकूड कुठलं? साग की साल?"

काका एका बोटाने टाइप करतात: निलगिरी. मग थांबतात, नदीपलीकडच्या उतारावर बघतात. तिथे तळापासून माथ्यापर्यंत दुसरं झाडच नाही.

"पण नेमकी कुठली गं? इथे तर सगळीच निलगिरी."